जूनमध्ये आम्ही सगळ्यात श्रीमंत होतो

मोबाइलमधल्या हिशोबाच्या ॲपने काढलेलं रंगीत चित्र मी मामाजींसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, धरलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन जरा लांब धरला आणि म्हणाले, "जूनमंधी आपल्याले कायची कमाई झाली वं? वावरात तं तवा नुसते ढेकलं होते."

बरोबर होतं त्यांचं. चित्राप्रमाणे २०२३ सालातली आमची सगळ्यात मोठी कमाई जून महिन्यातली होती. ज्या महिन्यात आमच्या घरात तेलाची पिशवीसुद्धा दोन वेळा विचार करून आणली जाते, त्या महिन्यात ॲप आम्हाला श्रीमंत ठरवत होतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात आमची सात एकर कोरडवाहू शेती. चार एकर कपाशी, तिच्यात तुरीची तासं, उरलेल्या तीन एकरांत सोयाबीन. एक म्हैस, एक बैलजोडी. घरात मामाजी, आत्याबाई (म्हणजे सासूबाई), हे, मी आणि दोन मुलं. मी गावातल्या बचत गटाची सचिव आहे आणि नऊ वर्षांपासून गटाच्या वह्या लिहिते. लग्नाआधी, २००९ मध्ये, एमएस-सीआयटी केली होती. कॉम्प्युटरशी माझी ओळख एवढीच, बाकी सगळं नंतर अडून-पडून शिकलेलं.

हिशोबाचं हे खूळ डोक्यात शिरलं ते २०२३ च्या पाडव्याला. आदल्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, म्हणून त्या वर्षी साऱ्या गावाने कापूस घरात भरून ठेवला. आम्हीही ठेवला. झोपायची खोली कापसाने भरली, आम्ही सगळे ओसरीवर. भाव वाढायचा राहिला बाजूला, उलट उतरला. मुलांच्या अंगाला खाज सुटली तेव्हा शेवटी विकला. चुकारा हातात आला आणि तीन आठवड्यांत संपला. कुठे गेला ते कुणालाच सांगता येईना. हे म्हणायचे सोसायटीच्या कर्जात गेला, आत्याबाई म्हणायच्या दवाखान्यात गेला, मामाजी कृषी केंद्रातून, म्हणजे बी-खताच्या दुकानातून, मिळालेली डायरी उलटीपालटी करत बसायचे. पाडव्याच्या दिवशी पुरणपोळी समोर असताना आमच्याकडे भांडण झालं, आणि त्याच रात्री मी ते ॲप उतरवून घेतलं.

वर्षभर त्यात इमानदारीने लिहिलं. भाजी, साबण, मुलांच्या वह्या, पेट्रोल, मजुरी, सगळं. ॲप वाईट नव्हतं, फक्त ते पगारदार माणसासाठी बनवलेलं होतं. त्याला दोनच गोष्टी कळत: पैसे आले, पैसे गेले. सोसायटीचं ९५,००० रुपयांचं पीककर्ज जूनमध्ये खात्यात जमा झालं, ते मी 'आले' मध्ये टाकलं. दुसरीकडे टाकायला जागाच नव्हती. म्हणजे कर्ज काढलं की आम्ही कमावते आणि मार्चमध्ये ते फेडलं की उधळे.

खताचं तर त्याहून वाईट झालं. जूनमध्ये बी-खत उधारीवर आणलं. बिल हातात होतं म्हणून लिहिलं. डिसेंबरात कापूस विकल्यावर तेच पैसे दुकानात भरले, तेव्हा पुन्हा लिहिलं. एकाच पोत्याचा खर्च दोनदा चढला, आणि चूक लक्षात यायला मला सहा महिने लागले.

आणि ते महिन्याचं माप! ॲप दर महिन्याच्या एक तारखेला 'या महिन्याचं बजेट' विचारायचं. आमच्याकडे महिना फक्त मोबाइलच्या रिचार्जला लागतो, आणि तोही अठ्ठावीस दिवसांचा. बाकी सगळं मृगाला सुरू होतं आणि उलंगवाडीला, म्हणजे कापसाच्या शेवटच्या वेचणीला, संपतं. ऑगस्टमध्ये पैसे येत नाहीत म्हणून लाल रंग दाखवून काय होणार? ऑगस्टमध्ये पैसे कुणालाच येत नाहीत.

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. गटाच्या वहीत ही चूक मी कधीच केली नसती. गटाची पंचसूत्री आम्ही दर बैठकीत म्हणतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशोब लेखन. बँकेचं कर्ज आलं की ते गटाचं देणं म्हणून वेगळ्या पानावर चढतं. एखाद्या ताईने त्याला कमाई म्हटलं असतं तर मीच तिला थांबवलं असतं. आणि घरात मात्र चकचकीत चित्र पाहून माझी अक्कल पेंड खायला गेली होती.

२०२४ च्या उन्हाळ्यात भावाने त्याचा जुना लॅपटॉप दिला. बॅटरी मेलेली, चार्जर काढला की बंद. त्यावर एक्सेल होतं. मामाजींची डायरी, माझं ॲप, बिलं, सगळं घेऊन दुपारी जेवणं आटोपली की मी ओसरीवर बसायची. चारशेच्या वर ओळी झाल्या. मग निंदणाचा, म्हणजे खुरपणीचा, एकूण खर्च काढला तर तो फारच कमी आला. शोधता शोधता कळलं की मी काही ठिकाणी 'निंदण' लिहिलं होतं, काही ठिकाणी 'निंदन'. 'मजुरी' आणि 'मजूरी' वेगळे. 'खत' आणि 'खते' वेगळे. एका ठिकाणी तर शब्द बरोबर होता, पण त्याच्यामागे एक रिकामी जागा सुटली होती. ती डोळ्याला दिसत नाही, मशीनला दिसते.

तारखांचा गोंधळ निराळाच. लॅपटॉपची मांडणी अमेरिकी पद्धतीची होती. पाच जूनला '०५/०६' लिहिलं की ते त्याला सहा मे समजायचं आणि अठरा जूनला '१८/०६' लिहिलं की अठरावा महिना नसतो म्हणून ते नुसतं अक्षर समजून सोडून द्यायचं. क्रमाने लावलं तर आमची पेरणी मे महिन्यात झालेली. पोरांना एवढं हसताना मी बरेच दिवसांनी पाहिलं.

भाऊ पुण्याला कंपनीत आहे. त्याला फोनवर रडगाणं सांगितलं तर म्हणाला, "ताई, तुला तक्ता नको, डेटाबेस पाहिजे." मी म्हटलं, मला नाव नको, फरक सांग. त्याने सांगितलेली गोष्ट मला पटली: डेटाबेसात 'निंदण' हा शब्द एकदाच लिहायचा, एका यादीत. त्याला एक नंबर मिळतो. पुढे प्रत्येक ओळीत तो नंबरच जातो. यादीत नसलेलं काही टाकायला गेलं तर ते आत येतच नाही. म्हणजे मुनीम जसा 'हे कोणत्या खात्यावर?' असं विचारल्याशिवाय पेन उचलत नाही, तसं.

पहिला प्रयोग एका मोफत ऑफिस पॅकेजमधल्या डेटाबेसवर केला. दिसायला छान, खिडक्या, फॉर्म, बटणं. सलग तीन तास बसून मी ऐंशी-नव्वद नोंदी केल्या. संध्याकाळी वारा सुटला आणि लाइन गेली. लॅपटॉप बंद. लाइन आली तेव्हा फाइल होती, पण आतल्या नोंदी नव्हत्या. नंतर भावाकडून कळलं की त्या प्रकारात नोंदी आधी मशीनच्या स्मरणात राहतात आणि फाइल सेव्ह केल्यावरच आत उतरतात. मी सेव्ह केलं नव्हतं, चूक माझीच. पण ज्या गावात पावसाचे दोन थेंब पडले की लाइन जाते, तिथे असला सोवळ्यातला कारभार चालायचा नाही.

मग तीन दिवस ग्नूकॅश नावाचं सॉफ्टवेअर पाहिलं. १९९८ पासून चालत आलेलं, पैसे न लागणारं, आणि खऱ्या अर्थाने हिशोबाचं. ते प्रत्येक व्यवहाराला दोन टोकं विचारतं: कुठून आणि कुठे. म्हणजे आपलं जुनं नावे-जमाच. उधारीवरचं खत 'देणं' या खात्यातून निघतं आणि 'खर्च' या खात्यात जातं, रोख रकमेला हातही लागत नाही. पैसे भरले की रोख कमी, देणं कमी, खर्च तसाच. हे पाहिलं तेव्हा डोक्यातला दिवा लागला. ज्याचं दुकान आहे त्याने ते बिनधास्त घ्यावं. मला मात्र एक अडचण होती. मी शेतात असताना ह्यांनी किंवा उद्या पोराने नोंद करायची म्हटलं तर त्यांना ती खात्यांची झाडं, खात्याखाली खातं अशी मांडणी, कोण समजावणार? घरात एकालाच येतो तो हिशोब घराचा राहत नाही.

तेव्हा भावाने एसक्यूलाइटचं नाव काढलं. "ताई, ते तुझ्या फोनमध्ये आत्ताही आहे. तुझे व्हॉट्सॲपचे मेसेज त्यातच साठतात." २००० साली रिचर्ड हिप नावाच्या माणसाने ते बनवलं आणि त्यावर मालकी हक्कच ठेवला नाही, कुणीही वापरा. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल. ती पेनड्राइव्हवर टाकली की झाली नक्कल. ती फाइल उघडून पाहायला 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' नावाचा मोफत प्रोग्रॅम मिळतो. त्यात 'राइट चेंजेस' असं बटण आहे. पाच-सहा नोंदी झाल्या की ते दाबायचं. लाइन गेली तरी दाबलेलं जात नाही. मला एवढंच हवं होतं.

लॅपटॉपला हात लावायच्या आधी कागदावर मांडणी केली. तो दिवस पोळ्याच्या आदला, खांदशेकणीचा. हे बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावत होते आणि मी पायरीवर बसून गटाच्या वहीची मागची पानं भरत होते. तीन टेबलं काढली. एक 'कोण' : कृषी केंद्र, सोसायटी, किराणा, गट, डेअरी, मजूर. एक 'कशासाठी' : बी, खत, औषध, निंदण, वेचणी, ट्रॅक्टर, भाडं, दवाखाना, शाळा, आहेर. आणि तिसरं, मोठं, 'व्यवहार'. त्यात तारीख, कोण, कशासाठी, कोणतं पीक, कोणता हंगाम, प्रकार, रक्कम, शेरा.

खरी गोम 'प्रकार' या एका कप्प्यात होती. आले-गेले या दोन शब्दांऐवजी मी सहा ठरवले. रोख आले. रोख दिले. उधार घेतलं. उधार फेडलं. कर्ज आलं. कर्ज फेडलं. ग्नूकॅशची सगळी झाडं मला नको होती, पण तिथे शिकलेलं या सहा शब्दांत मावलं. शेतीला खर्च किती लागला हे पाहायचं तर 'रोख दिले' आणि 'उधार घेतलं' यांची बेरीज. दुकानाचं देणं किती, तर 'उधार घेतलं' मधून 'उधार फेडलं' वजा. आणि पेटीत आत्ता किती असायला पाहिजे, तर आलेलं सगळं, कर्जासकट, त्यातून रोख दिलेलं आणि फेडलेलं वजा. खत उधारीवर आणलं तर पेटीला त्याचं काही सोयरसुतक नाही. पैसे भरले तेव्हा ते खर्चात दुसऱ्यांदा येत नाही. भावाने ती प्रश्नांची वाक्यं मला फोनवर सांगितली, मी मराठीत उच्चार लिहून घेतले: सिलेक्ट म्हणजे काय पाहिजे, फ्रॉम म्हणजे कोणत्या टेबलातून, व्हेअर म्हणजे कोणत्या अटीवर, ग्रुप बाय म्हणजे कशाचे ढीग लावायचे. चौथ्या दिवशी ती वाक्यं माझी मला जुळवता यायला लागली.

तारीख या डेटाबेसात वेगळ्या जातीची नसतेच, ती साध्या अक्षरांतच राहते. म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहायचं, की आपोआप क्रम लागतो. अमेरिका मधात येत नाही.

पहिली मोठी फजिती दुधाची झाली. गणपतीनंतर मी हौसेने विचारलं, दुधाचे किती आले? उत्तर आलं: शून्य, टिंब, शून्य. म्हशीने आम्हाला सहा महिने फुकट दूध दिलेलं! नोंदी तर समोर दिसत होत्या, एका खाली एक. शेवटी लक्षात आलं की दुधाच्या नोंदी करताना मराठी कळफलक चालू होता आणि मी आकडे देवनागरीत टाकले होते. हा डेटाबेस फार सोशिक आहे. रकमेच्या कप्प्यात अक्षर टाकलं तरी कुरकुरत नाही, ठेवून घेतो, आणि बेरजेच्या वेळी गुपचूप शून्य धरतो. देवनागरी आकडा त्याच्या लेखी अक्षरच. भावाने उपाय सांगितला: टेबल बनवताना शेवटी 'स्ट्रिक्ट' हा शब्द लिहायचा. २०२१ च्या अखेरीपासून ही सोय त्यात आहे. मग तो अंकाच्या जागी दुसरं काही घेत नाही, तोंडावर नाही म्हणतो. टेबल पुन्हा बनवलं, जुन्या नोंदी दुरुस्त करून त्यात ओतल्या. शेऱ्यात मात्र मी हवे तसे मराठी आकडे लिहिते.

रोजच्या रोज लॅपटॉपवर बसणं जमत नाही, जमवूही नये. मामाजींची डायरी आहे तशीच चालू आहे, ती आमची रोजकीर्द. बाजाराच्या दिवशी मजुरी वाटून झाली की रात्री मी ती घेऊन बसते आणि हे वाचून दाखवतात. अर्धा तास लागतो. काही पैसे मुद्दाम बाहेर ठेवलेत. जुलै २०२४ पासून माझ्या खात्यात येणारे दीड हजार कोणत्याच टेबलात नाहीत, आणि ह्यांनी एकदा विचारल्यावर मी त्यांना प्रेमाने सांगितलं की तो कॉलम बनवता येत नाही.

डिसेंबरात कृषी केंद्राचा हिशोब मिटवायला गेलो. कपाशीच्या बियाण्याची पाकिटं बरोबर, ८६४ रुपयांची आठ. युरियाच्या गोण्या सहा, २६६ रुपये ५० पैशांच्या, बरोबर. डीएपी खताच्या गोण्या त्यांच्याकडे चार, माझ्याकडे तीन. फरक १,३५० रुपयांचा. आयुष्यात पहिल्यांदा मी छापील कागद घेऊन दुकानात उभी होते, त्यामुळे आवाज जरा चढलाच. दुकानदाराने बिलाची नक्कल काढली, त्यावर मामाजींची सही. घरी येऊन डायरी पाहिली तर पानाच्या कडेला, आडव्या ओळीत, बारीक अक्षरात: 'डीएपी १, धाकल्यासाठी'. धाकला म्हणजे मामाजींचे भाऊ, आमचे काकाजी. मी तो कोपरा वाचलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी पैसे भरले, दुकानदाराची माफी मागितली, आणि सहा प्रकारांत सातवा घातला: उसनं दिलं.

कापूस तुकड्या-तुकड्याने गेला. पैशाची नड होती म्हणून पहिले नऊ क्विंटल व्यापाऱ्याला ६,९०० ने दिले. उरलेले सतरा थांबवून जानेवारीत सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ होता, पण ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि बाराच्या वर घेतच नाहीत, म्हणून कापूस चार दिवस उन्हात पसरला. चुकारा जमा झाला त्या रात्री मी पेटीचा प्रश्न विचारला आणि ९५,००० बाजूला काढायला लावले. पीककर्ज मुदतीत भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. आधी हे सगळ्यांना माहीत असून मार्चमध्ये पळापळ व्हायची, कारण पेटीतला पैसा आपला किती आणि सोसायटीचा किती हे कुणाच्या लक्षात नसायचं.

२०२५ च्या पाडव्याला दुपारी लॅपटॉप ओसरीवर आणला. मामाजी खुर्चीवर, आत्याबाई चौकटीला टेकून. आधी कपाशी विचारली. चार एकरांना सगळा खर्च ७२,०६१ रुपये. मामाजी लगेच म्हणाले, "म्या म्हनलं होतं न, खता-औषदीनंच मारलं." पण ढीग वेगळंच सांगत होते. बी, खत, औषध मिळून २२,३६१. निंदण आणि वेचणी मिळून ४०,२००. ट्रॅक्टर आणि गाडीभाडं उरलेलं. मामाजी गप्प झाले. आत्याबाई म्हणाल्या, "आन् माह्यी मजुरी?" त्यांनी दोन महिने रोज वेचलं होतं. त्यांची, ह्यांची, माझी एकही हजेरी त्यात नव्हती. मी पुढच्या हंगामापासून घरच्या हजेऱ्या लिहायचं कबूल केलं, रक्कम काय धरायची ते ठरायचं आहे.

शेवटी देणं-येणं विचारलं. देण्याची यादी रिकामी आली, हे मोठ्याने हसले. येण्याच्या यादीत एकच ओळ: काकाजी, १,३५०.

"हे काहाडून टाक," मामाजी म्हणाले. "त्यानं आपल्या सोयाबीनले दोन दिवस डवरे देल्ले होते. तवाच फिटलं."

डवरे म्हणजे पिकाच्या ओळींमधून बैलांनी चालवायची कोळपी. मी विचारलं, "दोन दिवसांच्या डवऱ्यांचे किती धरू?"

"पैसे नको धरू. नुसतं फिटलं लिव."

रकमेचा कप्पा मी रिकामा सोडला आणि शेऱ्यात 'फिटलं' लिहिलं. बटण दाबलं. पण बेरीज रकमेचीच होते, शेरा तिला वाचता येत नाही, त्यामुळे यादी काढली की काकाजींच्या नावावर १,३५० रुपये अजूनही दिसतात.